सुरंगी, कैऱ्या आणि रात्रीचं नमन

एप्रिल अजून लागला नाही नि घामाने जीव नकोसा झालाय, तरी आज रत्नागिरीवर परत एकदा जीव जडला. सकाळी भाट्याच्या पुलावर गाडी थांबवली, काजळी नदीला ओहोटी, चिखलात बगळे. बाजारात एक आजी सुरंगीच्या फुलांचे वळेसर (गजरे) घेऊन बसलेल्या, दोन घेतले, दिवसभर अख्खी गाडी घमघमत होती (बायकोला एकच मिळाला, दुसरा आरशाला लटकलाय, असो). हापूसचा भाव विचारला आणि गप कैऱ्या घेतल्या.

रात्री वाडीत नमन, आपलं कोकणातलं लोकनाट्य. लाईट दोनदा गेली तर लोकांनी मोबाईलचे टॉर्च धरले आणि मृदंग काय थांबला नाही!! गवळणीत राधा झालेला पोरगा दिवसा रिक्षा चालवतो, आणि गवळणीतल्या मावशीने पाणीटंचाईवरून असे टोमणे मारले की पहिल्या रांगेतले पुढारीपण हसत होते, करणार काय. संकासुराचं सोंग आलं तशी भाची किंचाळून माझ्या मांडीत शिरली नि मग बोटांच्या फटीतून बघतेय. शिमग्याला आलेले चाकरमानी उद्या मुंबईला परत. वग अडीचला संपला, आमचा चहा अजून चालूये.