गिटहबवर गेलेली किल्ली आणि एक जागरण

"मॅडम, ॲमेझॉनचा मेल आलाय. आमच्या अकाउंटवर काहीतरी संशयास्पद चाललंय म्हणतात. आम्ही बघितलं, सगळं ठीक दिसतंय. तरी एकदा नजर टाकाल का?"

फेब्रुवारी महिना, रात्रीचे साडेनऊ. फोन नाशिकहून होता. एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीचे मालक बोलत होते. द्राक्ष निर्यात करणाऱ्या पॅकहाउससाठी ही मंडळी ॲप चालवतात. कोणत्या प्लॉटवर कोणती फवारणी कधी झाली, रेसिड्यूचा रिपोर्ट काय आला, कोणते क्रेट कोणत्या कंटेनरमध्ये गेले, हे सगळं त्यात असतं. हंगामात पॅकहाउस रात्रीही सुरू असतात आणि ॲप बंद पडलं तर कंटेनर भरताना नोंदी अडकतात. मी पुण्यात क्लाउड सल्लागार टीममध्ये काम करते, आणि या कंपनीचं ॲप ऑफिसातल्या सर्व्हरवरून एडब्ल्यूएसवर, म्हणजे ॲमेझॉनच्या भाड्याच्या क्लाउड सर्व्हरवर, हलवताना आमच्या टीमने त्यांना मदत केली होती. पुढचा रोजचा कारभार मात्र तेच बघत होते.

मी पहिला प्रश्न विचारला, "कुठला रीजन उघडून बघितलंत?"

"मुंबई. आपलं सगळं तिथंच तर आहे."

नेमकं तिथंच काही दिसणार नव्हतं. रीजन म्हणजे ॲमेझॉनच्या डेटा सेंटरांचा एक भौगोलिक विभाग, आणि एडब्ल्यूएसच्या कन्सोलमध्ये, म्हणजे अकाउंट सांभाळायच्या वेबपानावर, एका वेळी एकच रीजन दिसतो. अकाउंट उघडलं की जगभरातले 17 रीजन आपोआप चालू असतात, आणि तुम्ही मुंबई बघत असताना तुमच्याच नावावर टोकियोत काय चाललंय ते समोर येत नाही. मी त्यांना स्क्रीन शेअर करायला लावली आणि ‘ईसीटू ग्लोबल व्ह्यू’ उघडायला सांगितलं. सगळ्या रीजनमधली मशीन, म्हणजे भाड्याने घेतलेले सर्व्हर, एका तक्त्यात दाखवणारं ते पान आहे.

तक्ता भरला आणि पलीकडचं बोलणंच थांबलं. व्हर्जिनिया, ओरेगॉन, आयर्लंड, फ्रँकफर्ट, टोकियो. सगळीकडे सी5.24एक्सलार्ज जातीची मशीन, प्रत्येकी 96 व्हर्च्युअल सीपीयूंची. असं एक मशीन व्हर्जिनियात तासाला 4.08 डॉलर घेतं. ती तिसाच्या वर होती. म्हणजे तासाला दहा हजार रुपयांहून जास्त पाणी, कुणाच्या तरी क्रिप्टो मायनिंगसाठी.

"बंद करा आधी ती सगळी!" मालक म्हणाले.

"सर, थांबा. आधी किल्ली."

अशा वेळी हात मशीनकडेच धावतात. पण ज्याच्या हातात ॲक्सेस की, म्हणजे प्रोग्रामने अकाउंटमध्ये शिरायची किल्ली, आहे तो बंद केलेली मशीन पुन्हा चालू करतो, तेही स्क्रिप्टने, तुमच्यापेक्षा कितीतरी वेगाने. म्हणून मशीन तशीच चालू ठेवून आम्ही क्लाउडट्रेल उघडलं. अकाउंटमध्ये कुणी, कधी, कुठल्या आयपीवरून (इंटरनेटवरच्या पत्त्यावरून) काय केलं, याची ही नोंदवही. इथेही रीजनची गंमत आहेच. यूजर, परवानग्या, किल्ल्या यांचं खातं म्हणजे आयएएम. ते जागतिक असल्यामुळे त्याच्या नोंदी व्हर्जिनियात पडतात. मुंबईच्या वहीत त्यांचा मागमूस नसतो.

व्हर्जिनियाच्या वहीत पहिली अनोळखी ओळ 12:44 ची होती. "दुपारी पावणेएक? तेव्हा तर आम्ही सगळे जेवत होतो," मालक म्हणाले. क्लाउडट्रेलची वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, असते, त्यात साडेपाच तास मिळवायचे. संध्याकाळचे सहा वाजून चौदा मिनिटं.

तेव्हा कॉलवर तिसरा आवाज आला. त्यांच्याकडे नुकताच लागलेला एक मुलगा, बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स करून आलेला. "मॅडम, सहा वाजून दहा मिनिटांनी मी कोड पुश केला होता. गिटहबवर. त्यात ॲक्सेस की असलेली कॉन्फिगची फाइल गेली. पण लक्षात आल्यावर मी ती लगेच काढली. परत पुश केलं."

त्याचा आवाज घशातच अडकत होता. त्याने न विचारता स्वतःहून सांगितलं, यामुळे आमचा किमान तासभर वाचला. हे मी मालकांना तेव्हाच, त्याच्यासमोर सांगितलं.

गिटहब म्हणजे कोड ठेवायची ऑनलाइन जागा. गिटमधून काढलेली फाइल जुन्या कमिटमध्ये, म्हणजे आधीच्या जपलेल्या प्रतीत, जशीच्या तशी राहते. आणि इतिहास पुसला असता तरी उपयोग नव्हता. सार्वजनिक रिपॉझिटरीवर (सगळ्यांना दिसणाऱ्या कोडच्या साठ्यावर) पडणारा प्रत्येक पुश चाळणारे बॉट दिवसरात्र चालू असतात आणि एडब्ल्यूएसच्या कायमस्वरूपी किल्ल्या ‘एकेआयए’ या अक्षरांनी सुरू होत असल्याने त्या शोधणं सोपं असतं. पुश आणि पहिली अनोळखी ओळ यांत फक्त चार मिनिटं होती.

पुढच्या ओळी मी त्या मुलालाच मोठ्याने वाचायला लावल्या. पहिली ‘गेट-कॉलर-आयडेंटिटी’, म्हणजे ही किल्ली कुणाची आहे ते विचारणं. मग निरनिराळ्या रीजनमध्ये ‘रन-इन्स्टन्सेस’, पण ‘ड्राय रन’ लावून. मशीन सुरू न करता, सुरू करता येईल का एवढंच तपासून बघायचं. मग ‘क्रिएट-यूजर’. नवा यूजर, नाव ‘बॅकअप’, त्याला ॲडमिनचे सगळे अधिकार आणि स्वतःची वेगळी ॲक्सेस की. त्यानंतर खरी मशीन.

ॲमेझॉनने फुटलेल्या किल्लीच्या यूजरवर आपणहून क्वारंटाइनची पॉलिसी, म्हणजे धोक्याची कामं रोखणारा नियम, लावली होती, मेल त्याबद्दलच होता. पण ती फक्त त्या एका यूजरला अडवते. तोवर ‘बॅकअप’ जन्माला आलेला होता. मुळात त्या मुलाच्या यूजरला ‘ॲडमिनिस्ट्रेटर ॲक्सेस’ कशाला हवा होता? त्याचं काम होतं एका एस3 बकेटमध्ये, म्हणजे ॲमेझॉनवरच्या फाइल ठेवण्याच्या जागेत, पीडीएफ रिपोर्ट टाकण्याचं. यूट्यूबवरच्या शिकवणीत ‘आत्ता हे लावून टाका, नंतर बघू’ असं सांगतात, तेच त्याने केलं होतं. नंतर कुणी बघत नाही. मी इतक्या अकाउंटमध्ये हे पाहिलंय की मला त्या शिकवण्यांचा मनापासून राग येतो.

दोन्ही किल्ल्या निष्क्रिय केल्या. तेवढ्यावर भागत नाही. त्या किल्लीवरून आधीच काढलेली तात्पुरती टोकन, म्हणजे ठरावीक वेळेचे पास, मुदत संपेपर्यंत चालू राहू शकतात, म्हणून दोन्ही यूजरवर ‘सगळ्याला नकार’ अशी पॉलिसी लावली. ‘बॅकअप’ यूजर लगेच उडवला नाही, पुरावा म्हणून ठेवला. रूटला, म्हणजे अकाउंटच्या मूळ मालकी लॉगिनला, एमएफए (पासवर्डशिवाय आणखी एक पडताळणी) होता, त्यामुळे मुख्य दार शाबूत होतं. मग हल्लेखोराने मागे काही ठेवलंय का ते बघायला बाहेरच्या अकाउंटवर विश्वास ठेवणारा एखादा रोल (परवानग्यांचा संच), किंवा मशीन न घेताही कोड चालवता येणाऱ्या लॅम्डा आणि फार्गेट या सेवांवर काही नवं, असं सगळं धुंडाळलं.

आता मशीन. त्या मुलाने ओरेगॉनमधली चार मशीन निवडून टर्मिनेट, म्हणजे कायमची बंद, केली आणि एरर आली. टर्मिनेशन प्रोटेक्शन चालू होतं. ते काढून पुन्हा टर्मिनेट केली, गेली. दोन मिनिटांत तिथेच नवी चार उभी. तो घाबरला. मी म्हटलं, "घाबरू नकोस. ही कोण उभी करतंय ते शोध. किल्ली तर आपण बंद केली आहे."

त्याने शोधलं. ऑटो स्केलिंग ग्रुप होता. मशीन कमी झालं की आपोआप भरून काढणं हेच त्याचं काम, आणि ते काम तो इमानेइतबारे करत होता. आधी ग्रुप काढायचा, मग मशीन. एकेक रीजन तो स्वतः साफ करत गेला, मी फक्त बघत राहिले. बाराच्या सुमारास ग्लोबल व्ह्यूत मुंबईची त्यांची स्वतःची मशीन तेवढी उरली. ॲप एक मिनिटही बंद पडलं नव्हतं.

तेव्हा मालकांनी तो प्रश्न विचारला. पैशाचा नव्हता.

"मॅडम, शेतकऱ्यांचा डेटा गेला का?"

त्या बकेटमध्ये सातबारे होते, बँकेचे तपशील होते. लोकांनी विश्वासाने दिलेले. ‘नाही, काळजी करू नका’ असं म्हणणं मला सोपं होतं, पण तसं म्हणायला माझ्याकडे आधार नव्हता. क्लाउडट्रेल कोणकोणती बकेट आहेत ही यादी कुणी मागितली ते दाखवतं, मात्र आतली एखादी फाइल कुणी उघडली ते आपणहून नोंदवत नाही. त्यासाठी ‘डेटा इव्हेंट’ वेगळे चालू करावे लागतात, त्याला पैसे पडतात, आणि इथे ते बंद होते. बकेटच्या नावांची यादी मात्र मागितलेली होती.

मग आडवाटेने गेलो. बिलिंगमधून एस3चा तासावारी वापर अहवाल काढता येतो, त्यात किती ‘गेट’ (फाइल वाचायच्या मागण्या) झाले आणि किती डेटा बाहेर गेला ते दिसतं. तो ताजा मिळत नाही, म्हणून सकाळपर्यंत वाट पाहिली. डेटाबेस खासगी सबनेटमध्ये, म्हणजे बाहेरून थेट पोहोचता न येणाऱ्या नेटवर्कच्या भागात होता, आणि त्याचा स्नॅपशॉट (पूर्ण प्रत) कुणी काढल्याची किंवा बाहेरच्या अकाउंटला दिल्याची नोंद क्लाउडट्रेलमध्ये नव्हती. अहवाल आल्यावर त्या संध्याकाळचे तास आधीच्या आठवड्यातल्या त्याच तासांशी ताडून पाहिले. फरक नव्हता. बकेटमध्ये कित्येक जीबी होते, ते उपसले असते तर आकडा उडाला असता. मी मालकांना लिहून दिलं: मोठ्या प्रमाणावर डेटा बाहेर गेल्याचं कोणतंही चिन्ह नाही, एखाददुसरी फाइल कुणी उघडली का हे सांगता येणार नाही. त्यांना दुसरं वाक्य आवडलं नाही. पण त्यांनी ते तसंच ठेवलं, आणि याबद्दल मला त्यांचा फार आदर वाटतो.

दरम्यान रात्रीच सर्ट-इनला, म्हणजे केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेला, कळवलं होतं. एप्रिल 2022 च्या निर्देशांप्रमाणे अशी घटना लक्षात आल्यापासून 6 तासांत कळवावी लागते आणि लॉग, म्हणजे यंत्रणेतल्या नोंदी, 180 दिवस जपावे लागतात. क्लाउडट्रेलचा आयता इतिहास 90 दिवसांचाच असतो, ही गोष्ट छोट्या कंपन्यांच्या गावीही नसते.

पहाटेच्या त्या रिकाम्या तासांत मुलाने विचारलं, "मॅडम, मला क्लाउडमध्येच काम करायचंय. आता कुणी ठेवील का? आणि कोणता कोर्स करू? एडब्ल्यूएसचं सोल्युशन्स आर्किटेक्ट सर्टिफिकेट काढलं तर?"

मी त्याला माझी वाट सांगितली. मी डेस्कटॉप सपोर्टमधून आले. लॅनच्या केबल क्रिंप केल्या, मग एका डेटा सेंटरमध्ये नाइट शिफ्टला अलार्म बघत बसले. तिथं लिनक्स शिकले, कारण सीनियर झोपले की सर्व्हर माझ्याच हातात असायचे. 2016 मध्ये एडब्ल्यूएसचा मुंबई रीजन उघडला आणि भारतातली कामं झपाट्याने तिकडे वळू लागली, तेव्हा माझ्याकडे क्लाउडचं काहीच नव्हतं. पण राउटिंग कळत होतं, फाइलच्या परवानग्या कळत होत्या, लॉग वाचायची सवय होती. कन्सोल शिकायला फार दिवस लागत नाहीत.

सर्टिफिकेट काढ, जरूर काढ, मी म्हटलं. त्याच्या असोसिएट पातळीच्या परीक्षेला 150 डॉलर लागतात, ते तीन वर्षं चालतं, आणि बायोडेटा पहिल्या चाळणीतून पुढे जातो. पण मी मुलाखत घेते तेव्हा सर्टिफिकेटवर दोन मिनिटंही घालवत नाही. एक कागद देते आणि व्हीपीसी, म्हणजे क्लाउडमधलं खासगी नेटवर्क, काढायला सांगते. /24 च्या सबनेटमध्ये 256 पत्ते, मग वापरायला 251 च का मिळतात? प्रत्येक सबनेटमधले पाच एडब्ल्यूएस स्वतःकडे राखून ठेवतं. हे पाठ करूनही सांगता येतं, पण ज्याने एकदा सबनेट भरून मशीन अडकलेलं पाहिलंय तो वेगळं सांगतो. मग विचारते, तू वाचलेला एखादा लॉग सांग, त्यातून काय शोधलंस? बहुतेक मुलं इथे गप्प होतात. ती हुशार असतात, त्यांना कुणी लॉग वाचायला बसवलेलंच नसतं.

"आज तू बसलास," मी म्हटलं. "हे सगळं तारीखवार लिहून काढ. कंपनीचं नाव, आयपी, अकाउंट नंबर वगळून. तुझ्या पुढच्या मुलाखतीत हेच बोल."

सरावासाठी त्याला स्वतःचं वेगळं अकाउंट काढायला लावलं. जुलै 2025 पासून नव्या एडब्ल्यूएस अकाउंटला सहा महिन्यांचा फ्री प्लॅन मिळतो, सुरुवातीला 100 डॉलरचं क्रेडिट आणि ठरावीक कामं करून आणखी 100 पर्यंत. शिकणाऱ्याला ते पुरतं. अट एकच घातली. पहिल्या दिवशी मशीन चालू करायचं नाही. आधी बजेटचा अलर्ट, मग एमएफए, मग एक असा यूजर बनवायचा ज्याला एका बकेटमध्ये फाइल टाकता येते आणि बाकी काहीही करता येत नाही. ‘ॲक्सेस डिनाइड’ पाहत, एकेक परवानगी जोडत जायचं. कंटाळवाणं असतं. माझ्या मते क्लाउड शिकण्याची यापेक्षा चांगली सुरुवात नाही.

पुढचे काही दिवस दुरुस्तीचे होते. ॲपमधली कायमची किल्ली काढून मशीनलाच आयएएम रोल, म्हणजे कायमच्या किल्लीशिवाय मिळणाऱ्या परवानग्या, दिला, त्यामुळे कोडमध्ये गुपित ठेवायची गरजच संपली. क्लाउडट्रेलच्या नोंदी आता वेगळ्या अकाउंटमधल्या बकेटमध्ये जातात. शेतकऱ्यांच्या बकेटवर डेटा इव्हेंट चालू आहेत. मुंबई आणि हैदराबाद सोडून बाकीच्या रीजनमध्ये मशीन चालूच होणार नाही अशी पॉलिसी वरून लावली. सपोर्टने सांगितलेल्या सगळ्या पायऱ्या पूर्ण केल्यावर बिलाचा बराचसा भाग माफ झाला. मालकांनी ‘परत ऑफिसातला सर्व्हर बरा का’ असंही विचारून पाहिलं. मी म्हटलं, सर, तिथेही पासवर्ड कागदावर चिकटवलेलाच होता.

मुलाला त्यांनी ठेवून घेतलं. हल्ली त्याच्या हाताखाली दोन नवी मुलं आली आहेत, त्यांना फक्त वाचण्यापुरती परवानगी द्यायची म्हणून त्याने स्वतः पॉलिसी लिहून परवा माझ्याकडे तपासायला पाठवली. चांगली लिहिली आहे. एस3 वाचण्याच्या ओळीत मात्र ‘रिसोर्स’समोर अजून तारांकन आहे, म्हणजे सगळ्या बकेट. तिथे नेमक्या बकेटचं नाव घालून परत पाठव, असं कळवलंय.