मॅन्युअलमधले २५० आणि घरातले २७५

अँप्लिफायरचं किट जोडून झालं की घरातल्या प्रत्येकाचा प्रश्न एकच, गाणं कधी लावणार? आणि खरं सांगू का, व्हॉल्व्ह अँप्लिफायर (ट्रान्झिस्टरच्या आधीचा, काचेच्या नळ्यांवर चालणारा) बनवणाऱ्याला गाण्याची तेवढी घाई नसते, निदान मला तरी नसते. गाण्याच्या आधी मल्टीमीटर घेऊन एकेका पॉइंटला व्होल्टेज बघत बसायचं, तो तास-दीड तासच मला जास्त आवडतो. बायकोला हे पटत नाही आणि मीही पटवायला जात नाही.

काळी प्रोब क्रोकोडाईल क्लिपने चेसिसला अडकवायची, डावा हात खिशात, आत जाणार ती फक्त उजव्या हातातली लाल प्रोब. जुने रेडिओ रिपेअरवाले हेच सांगायचे, कारण दोन्ही हात आत असले आणि शॉक बसला तर करंट छातीतून जातो, आणि इथे अडीचशे-तीनशे व्होल्ट डीसी असतो, चेष्टा नाही. आउटपुटला स्पीकर नाहीतर ८ ओहमचा जाडा रेझिस्टर हवाच, मोकळं ठेवलं तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो. पहिल्यांदा चालू करायचं ते सिरीज बोर्डवर, म्हणजे मेन आणि अँप्लिफायरच्या मध्ये १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब लावून, आणि तो बल्ब मिळवणं हल्ली किट मिळवण्याइतकंच अवघड झालंय, पुण्याच्या तापकीर गल्लीतसुद्धा दुकानदार आधी एलईडीच पुढे करतात. बल्ब भपकन पेटून मंद झाला तर ठीक. तसाच प्रखर राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे, बंद करा आणि चहा टाका.

बल्ब काढून थेट मेनवर आलो की पहिलं रीडिंग हीटरचं, म्हणजे व्हॉल्व्हच्या आतल्या तापणाऱ्या तारेचं, यायला हवेत ६.३ व्होल्ट एसी. हा विचित्र आकडा आला गाडीच्या जुन्या बॅटरीवरून, २.१ व्होल्टचे तीन सेल. माझ्याकडे आलं ६.९. मग भिंतीतल्या सॉकेटमध्ये मीटर घातला तर २४३! आणि ट्रान्सफॉर्मरवर छापलंय २२०. म्हणजे किटवाल्याने ज्या देशाच्या हिशोबाने वायंडिंग केलंय तो देश आमचा नाहीच, मेन दहा टक्के जास्त तर पुढचं सगळंच साधारण दहा टक्के जास्त, मॅन्युअलमध्ये २५० व्होल्ट लिहिलेत तिथे हिशोबाने २७५.

इथे बरेच जण घाबरतात. मॅन्युअलमधला व्होल्टेजचा तक्ता म्हणजे ब्लड रिपोर्टसारखा असतो, एक आकडा ठळक दिसला की माणूस तोच धरून बसतो आणि बाकी कागद वाचतच नाही. प्लेटला, म्हणजे व्हॉल्व्हच्या जास्त व्होल्टेजच्या टोकाला, २५० ऐवजी २६८ आले म्हणून काही बिघडलेलं नसतं, पण तो आकडा शेजारच्या आकड्यांबरोबर वाचायला लागतो.

उदाहरणार्थ माझा ईएल८४, स्पीकरला ताकद देणारा आउटपुट व्हॉल्व्ह. कॅथोडला, म्हणजे इलेक्ट्रॉन जिथून निघतात त्या टोकाला, १३० ओहमचा रेझिस्टर आहे, त्यावर ७ व्होल्ट यायला हवेत, आले ७.७. तुम्ही म्हणाल ०.७ ने काय होतंय. भागाकार करा, ७.७ भागिले १३० म्हणजे ५९ मिलीअँप, त्यातले सहाएक स्क्रीन नावाच्या मधल्या जाळीचे सोडले तर प्लेटचे ५३, आणि प्लेट ते कॅथोड २६० व्होल्ट (२६८ वजा ७.७), गुणाकार येतो पावणेचौदा वॅटच्या आसपास. या व्हॉल्व्हची प्लेटची मर्यादा १२ वॅट! आवाज मस्त येईल, कोणाला काही कळणारही नाही, फक्त व्हॉल्व्ह लवकर म्हातारा होईल. आणि जुन्या रेडिओतून जपून काढलेला बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचा ईएल८४ लावला असेल तर जीव अजूनच तुटेल.

पण मला विचाराल तर सगळ्यात मोलाचं रीडिंग शून्य आहे. ईएल८४ च्या ग्रिडवर, म्हणजे जिथे गाण्याचा सिग्नल येतो त्या जाळीवर, शून्यच यायला हवं. तिथे दोन-तीन व्होल्ट पॉझिटिव्ह दिसले तर आधी संशय कपलिंग कॅपॅसिटरवर (त्याने फक्त सिग्नल पुढे सोडायचा, डीसी अडवायचं), आधीच्या स्टेजच्या प्लेटचं डीसी त्यातून झिरपतंय आणि व्हॉल्व्ह विनाकारण जास्त करंट ओढतोय. काही हौशी मंडळी 'व्हिंटेज साउंड' म्हणून पन्नास वर्षांपूर्वीचे पेपर कॅपॅसिटर मुद्दाम लावतात, लावा बापडे, पण हे शून्य एकदा बघा.

बंद केल्यावरही मीटर लावूनच ठेवायचा. व्हॉल्व्ह गरम असतात तोवर तेच चार्ज पिऊन टाकतात, आकडे भराभर उतरतात. भीती असते ती व्हॉल्व्ह काढून टेस्ट केलं तर, कारण मग कॅपॅसिटर रिकामा करायला ब्लीडर रेझिस्टर सोडून कोणी नाही, आणि स्वस्त किटमध्ये नेमका तोच वाचवलेला असतो. मी २२० किलोओहमचा आधीच टाकून घेतला.

आता करंट कमी व्हावा म्हणून कॅथोडला १३० काढून १८० ओहम टाकायचा विचार आहे आणि हीटरच्या लाइनमध्ये एक छोटा वायरवाउंड रेझिस्टर. फक्त आमच्या भागात संध्याकाळी सगळ्यांचे एसी चालू झाले की मेन २२८ वर येतो आणि रात्री अकरानंतर परत २४५ कडे जातो, मग हिशोब कुठल्या वेळेचा धरायचा? मी रात्रीचा धरलाय, कारण गाणी तेव्हाच ऐकणार. बायकोचं म्हणणं, आधी लाव तर खरं.