मटारची वीट झाली तिथून सुरुवात (माझा फ्रीजरचा अनुभव)

फ्रीजर म्हणजे जास्त थंड असलेलं कपाट, काहीही ढकलायचं आणि विसरायचं, असंच माझं इतकी वर्षं चाललं होतं. मग एकदा घरात एकदम चार किलो मटार आला, दोन संध्याकाळी आम्ही सगळे सोलत बसलो, आणि मी शहाणीने ते दाणे धुऊन ओलेच्या ओले एका मोठ्या पिशवीत कोंबून फ्रीजरमध्ये ठेवले. पंधरा दिवसांनी वाटीभर मटार हवा होता तर हातात आली वीट. ओट्यावर आपटली, बत्त्याने ठोकली, दाणे स्वयंपाकघरभर उडाले आणि जे हाती लागले त्यांना चव गवताची. इतकं सोललेलं वाया गेलं म्हणून जो काही राग आला ना, त्या रागातच मी हे सगळं नीट शिकले.

ताईला फोन केला तर तिचा पहिला प्रश्न, "अगं, उकळत्या पाण्यातून काढलास का आधी?" नव्हता काढला, कारण कच्चं ते ताजं अशी माझी समजूत. पण भाजीतली एन्झाइम्स (तिच्यात बदल घडवणारी द्रव्यं) थंडीने नुसती मंदावतात, बंद पडत नाहीत, आणि महिनाभरात रंग आणि चव दोन्ही खातात. ती मारायला ब्लांचिंग. मोठ्या पातेल्यात पाणी खळखळ उकळायचं, अर्ध्या किलो भाजीला साधारण चार लिटर, भाजी टाकल्यावर मिनिटभरात परत उकळी आली पाहिजे. मटार दीड मिनिट, गाजराचे तुकडे २, फरसबी ३, ब्रोकोलीचे तुरेही ३. लगेच बर्फाच्या पाण्यात, जितका वेळ गरम तितकाच वेळ गार, नाहीतर ती आतल्या आत शिजत राहते. मी घड्याळ लावते मोबाईलवर, अंदाजाने केलं की माझा हमखास लगदा होतो.

मग कोरडं करणं, इथे मला सगळ्यात जास्त कंटाळा येतो पण खरी गोम इथेच आहे. कापडावर पसरून पूर्ण सुकवायचं, ताटात एकेरी थर लावून ते ताट तसंच फ्रीजरमध्ये, दाणे कडक झाले की पिशवीत. आता माझा मटार चमच्याने काढता येतो, सुटा, खडखड वाजतो. (पहिल्यांदा वाजला तेव्हा मी सगळ्यांना बोलावून ऐकवलं होतं.)

पातळ पसरायचं कारण नंतर कळलं. गोठायला वेळ लागला की बर्फाचे स्फटिक मोठे होतात आणि पेशी फाडतात, म्हणून वितळल्यावर सगळं पाणी सुटून लिबलिबीत होतं. पटकन गोठलं तर स्फटिक बारीक राहतात. क्लॅरेन्स बर्ड्सआय नावाच्या माणसाने शंभरेक वर्षांपूर्वी कॅनडातल्या लॅब्राडोर भागाच्या थंडीत हेच पाहिलं, तिथे पकडलेला मासा वाऱ्यात क्षणात गोठायचा आणि कित्येक दिवसांनीही ताज्यासारखा लागायचा, त्यावरून त्याने फ्रोझन फूडचा धंदा उभा केला. आपल्याकडे तो वारा नाही, तर फ्रीजर उणे १८ ला लावायचा आणि एका वेळी फार भरायचं नाही. १०० लिटरच्या फ्रीजरमध्ये दिवसाला नवीन ३-४ किलोच्या वर नको, नाहीतर आधीचंही सैल पडतं.

चिकनच्या बाबतीत वेगळाच धडा मिळाला. डब्यात घालून ठेवलं, अर्धा डबा रिकामा, दोन महिन्यांनी बघते तर कडेने पांढरट, चामड्यासारखं. त्याला फ्रीजर बर्न म्हणतात, म्हणजे बर्फ न वितळता थेट वाफ होऊन उडतो आणि मांस वाळतं. खाल्लं तर काही होत नाही पण चव गेलेली. आता एकदा लागेल तेवढंच पिशवीत घालते, दोनेक सेंटिमीटर चपटं करते, हवा दाबून काढते, तोंड थोडं उघडं ठेवून पिशवी पाण्याच्या पातेल्यात बुडवली की उरलेली हवाही निघते, पाणी आत जायच्या आत बंद करायचं मात्र.

सूपची काचेची बरणी फुटली ती माझीच चूक, गळ्यापर्यंत भरली होती. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं, म्हणजे वर बोटभर जागा हवीच. अंडंही कवचासकट ठेवायचं नाही याच कारणाने. फोडून, फेटून, चिमूटभर मीठ घालून ठेवलं तर छान राहतं, मीठ नाही घातलं तर पिवळ्या बलकाचा चिकट गोळा होतो.

पावाने मात्र मला एकदाही दगा दिला नाही. फ्रीजमध्ये पाव उलट लवकर शिळा होतो, फ्रीजरमध्ये नाही, स्लाइस करून ठेवायचा आणि तसाच टोस्टरमध्ये. पिकलेली केळी सोलून तुकडे करून. काकडी, लेट्यूस, मेयोनीज यांच्या नादी लागू नका. कच्चा बटाटा तर मी दोनदा करून पाहिला, दोन्ही वेळा काळा पडला, आता तिसऱ्यांदा नाही.

वितळवण्यावरून घरात अजून वाद होतात. नवरा मांस ओट्यावर काढून ठेवतो, मी परत उचलून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात. थंडीने जंतू मरत नाहीत हो, नुसते झोपतात, आणि ओट्यावर बाहेरचा थर गरम होतो तेव्हा आतला अजून दगडच असतो. घाई असेल तर बंद पिशवी गार पाण्यात, दर अर्ध्या तासाने पाणी बदलून, आणि मग लगेच शिजवायचं.

चिकटपट्टीवर नाव आणि तारीख लिहायची सवय लागायला सगळ्यात जास्त वेळ गेला. आत्तासुद्धा मागच्या कोपऱ्यात एक डबा आहे, त्यावर माझ्याच अक्षरात "पि. र." लिहिलंय आणि पिवळा रस्सा की पिठूळ रताळं की काय ते मला अजिबात आठवत नाही. आज रात्री खालच्या कप्प्यात काढून ठेवते, उद्या कळेल.