गोव्याची गाडी, बामणोदची वांगी

१२ जानेवारी, रविवार. रात्रीचे साडेदहा.

आज पहाटे साडेसहालाच गाडीचा टप मागे टाकला. भुसावळात उघड्या गाडीचे दिवस मोजकेच. होळी झाली की सीटला हात लावता येत नाही, मग पाऊस. माझी ही गाडी, सॅन स्टॉर्म, खऱ्या अर्थानं फिरते ती दिवाळी ते महाशिवरात्र. त्यामुळे हिवाळ्यातले रविवार मी कुणाला देत नाही.

शेजारी आई, कानाला मफलर, वर शाल. गाडीला सीटाच दोन. बामणोदला मावशीकडे निघालो. तापीच्या पुलावर धुकं थेट तोंडावर आलं. पुढे केळीच्या बागा लागल्या आणि कुठल्याशा शेतात वांगी भाजत होती. कपाशीच्या काड्यांचा तो धूर बंद गाडीत काच खाली केली तरी असा येत नाही. आई म्हणाली, "हळू घे रे, वास घेऊ दे."

मावशीच्या गल्लीत एक म्हातारबाबा गाडीभोवती दोनदा फिरले. "कोन्ची गाडी हाये रे भाऊ? फारिनची का?"

"नाही बाबा, गोव्यात बनली."

हे सांगताना दर वेळी माझी छाती फुगते. १९९८ च्या सुमाराला, गाडी म्हणजे अख्खं घर सामानासकट बसलं पाहिजे अशी समजूत असताना, सॅन मोटर्सनं ही दोन सीटांची, उघड्या टपाची गाडी आपल्या देशात बनवली. विकल्या गेल्या मोजक्याच, आता बनतही नाही. इंजिन रेनॉचं, ११४९ सीसीचं, ताकद ६० अश्वशक्तीच्या आसपास. आजची पोरं हा आकडा ऐकून नाक मुरडतात. त्यांनी एकदा बसून बघावं. अंग फायबरचं, बसायची जागा इतकी खाली की साठच्या वेगालाही रस्ता बुडाखालून पळताना जाणवतो. आणि फायबर गंजत नाही. गेल्या वर्षी मागचा कोपरा तडकला तेव्हा काचेच्या धाग्यांची मॅट आणि रेझिन आणून तीन थर मीच दिले, आठवडाभर पॉलिश पेपर घासला. बोट फिरवलं की सांधा अजून कळतो. मला तो आवडतो.

परतताना इंजिनच्या तापमानाचा काटा चढायला लागला. निंबाखाली थांबलो. रेडिएटरचा वरचा पाइप क्लिपेपाशी चिरला होता. इंजिन निवेपर्यंत अर्धा तास गेला. मग चिरलेलं दोन बोटं टोक पान्याच्या पेटीतल्या ब्लेडनं कापलं, उरलेला पाइप ओढून बसवला, क्लिप आवळली. शेजारच्या बागेतल्या भाऊंनी बोअर सुरू करून कॅन भरून दिला, वर आईला केळीही दिली.

आमचे मिस्त्री बरेच दिवस म्हणताहेत, "दुसऱ्या गाडीचं इंजिन टाकू, सामान कुठंही मिळेल, कटकट मिटेल." ते काळजीनंच सांगतात. आज निंबाखाली बसून मीही तोच विचार केला. पण मग गल्लीतल्या त्या म्हातारबाबांना मी काय सांगणार, कोणती गाडी म्हणून? सामानाला महिना लागला तरी चालेल. इंजिन हेच राहील.

वांगी आईच्या पायाशी ठेवून आणली, पाच किलो. तिनं पुढचा रविवारही मागून घेतलाय. त्याआधी दोन्ही पाइप नवे हवेत. उद्या सकाळी मिस्त्रींना फोन.