स्लॅकमध्ये खरेदी-मागणीचा बॉट: फॉर्म उघडायला तीनच सेकंद

आमच्याकडे खरेदीच्या मागण्या स्लॅकच्या, म्हणजे ऑफिसच्या चॅट ॲपच्या, एका चॅनलवर साध्या मेसेजने यायच्या. एकात रक्कम नाही, दुसऱ्यात तारीख नाही, मंजुरी कुणाची हे तर क्वचितच. म्हणून मेसेजच्या चौकटीत कमांड टाइप केली की फॉर्म उघडेल, असा बॉट, म्हणजे आपोआप उत्तर देणारा प्रोग्राम, बसवला. कोड पायथनमध्ये, स्लॅकच्याच ‘बोल्ट’ लायब्ररीवर.

स्लॅकच्या डेव्हलपर साइटवर नवं ॲप तयार केलं की आधी ‘सॉकेट मोड’ चालू करा, त्यात बॉट स्वतःच स्लॅकशी कनेक्शन जोडतो. मग बाहेरून दिसणारा यूआरएल लागत नाही, ऑफिसच्या फायरवॉलमागच्या मशीनवरही बॉट चालतो. त्यासाठी दोन टोकन, म्हणजे पासवर्डसारख्या गुप्त अक्षरमाळा, लागतात: ‘एक्सओएक्सबी’ने सुरू होणारं बॉटचं आणि ‘एक्सएपीपी’ने सुरू होणारं ॲपचं. दुसऱ्याला ‘कनेक्शन्स राइट’ ही परवानगी द्यायची. बॉटला ‘कमांड्स’ आणि ‘चॅट राइट’ एवढ्या पुरतात. फॉर्म आणि बटणं चालू देणारं ‘इंटरॲक्टिव्हिटी’चं बटण सॉकेट मोडमध्येही चालू करावंच लागतं, हे बऱ्याच जणांचं राहून जातं. परवानग्या बदलल्या की ॲप पुन्हा इन्स्टॉल करा, नाहीतर जुनं टोकन जुन्याच परवानग्यांवर चालत राहतं.

सगळा खेळ आहे तो तीन सेकंदांचा. कुणी कमांड टाइप केली की स्लॅक बॉटला एक ट्रिगर आयडी, म्हणजे फॉर्म उघडायचा परवाना, पाठवतं. तो तीन सेकंदांत बाद होतो आणि एकदाच वापरता येतो. कमांडची पोच, म्हणजे ‘अ‍ॅक’, द्यायलाही तीनच सेकंद. आता कोड लिहिताना आपण साहजिकच आधी डेटाबेसमधून पुरवठादारांची यादी आणतो, ती ड्रॉपडाउनमध्ये भरतो आणि मग फॉर्म उघडतो. चाचणीत हे चालतं. सकाळी डेटाबेसवर ताण आला की ‘एक्स्पायर्ड ट्रिगर आयडी’ येतो आणि समोरच्याला फॉर्म दिसतच नाही. त्यामुळे क्रम असा ठेवा: आधी अ‍ॅक, लगेच ‘यादी आणत आहोत’ एवढीच ओळ असलेली रिकामी खिडकी ‘व्ह्यूज ओपन’ने उघडा, आणि यादी हातात आली की त्याच खिडकीत ‘व्ह्यूज अपडेट’ने खरा फॉर्म भरा. अपडेटला ट्रिगर आयडी लागत नाही. उघडताना परत मिळालेला व्ह्यू आयडी, म्हणजे त्या खिडकीची ओळख, पुरतो.

फॉर्मच्या शीर्षकाला २४ अक्षरांची मर्यादा आहे. मराठी शीर्षक बेतानेच ठेवा, कारण युनिकोडमध्ये काना, वेलांटी, हलन्त ही सगळी वेगळी चिन्हं असतात. ‘खरेदीची मागणी’ दिसायला लहान, पण मोजली तर १३ भरते. ड्रॉपडाउनमध्ये जास्तीत जास्त १०० पर्याय बसतात. पुरवठादार त्याहून अधिक असतील तर टाइप करता करता शोधणारा ‘एक्स्टर्नल सिलेक्ट’ घ्या. फॉर्ममध्ये एकही इनपुट असेल तर सबमिट बटण सक्तीचं आहे, नाहीतर खिडकी उघडतच नाही.

रकमेच्या रकान्याला वेळ द्या, तिथेच सर्वांत जास्त घोळ होतात. तिथे ‘12,500/-’ येतं, ‘रु. १२५००’ येतं, ‘साडेबारा हजार’सुद्धा येतं. स्वल्पविराम, ‘रु.’ आणि ‘/-’ काढून टाकले की मजकुराची संख्या करणारं पायथनचं ‘इंट’ देवनागरी आकडेही बरोबर वाचतं. जावास्क्रिप्टचं ‘नंबर’ ते वाचत नाही, तिथे आकडे आधी बदलून घ्यावे लागतात. तरीही संख्या मिळाली नाही तर अ‍ॅकमध्येच ‘एरर्स’ पाठवा. फॉर्म उघडाच राहतो आणि ‘रक्कम फक्त आकड्यांत लिहा’ अशी सूचना नेमक्या त्या रकान्याखाली दिसते. मात्र सूचना कोणत्या रकान्याची हे सांगणारी किल्ली त्या इनपुटचा ब्लॉक आयडी, म्हणजे पूर्ण रकान्याचं नाव, हवी. रकान्यातल्या घटकाचा ॲक्शन आयडी दिला तर सूचना योग्य जागी येत नाही. ब्लॉक आयडी स्वतः ठरवून द्या. न दिल्यास स्लॅक स्वतःचा घालतं आणि मग उत्तरं वाचताना शोधाशोध होते.

कमांडवरून उघडलेला फॉर्म सबमिट झाला की तो कोणत्या चॅनलवरून उघडला होता हे बॉटकडे येणाऱ्या मजकुरात नसतं. ते उघडतानाच ‘प्रायव्हेट मेटाडेटा’त, म्हणजे फॉर्मसोबतच्या न दिसणाऱ्या नोंदीत, ठेवायचं. तिथे ३००० अक्षरं मावतात, पण चॅनल आयडी आणि एखादा क्रमांक एवढंच ठेवलेलं बरं.

पुढे मंजुरीचा मेसेज: आलेली मागणी बॉट ‘मंजूर’ आणि ‘नामंजूर’ बटणांसह चॅनलवर टाकतो. बॉटला चॅनलमध्ये इन्व्हाइट केलं नसेल तर ‘नॉट इन चॅनल’ येतं, खाजगी चॅनल असेल तर ‘चॅनल नॉट फाउंड’. ‘मंजूर’ बटण चॅनलमधला कुणीही दाबू शकतो, म्हणून दाबणाऱ्याचा यूझर आयडी मंजुरी देणाऱ्याच्या आयडीशी कोडमध्ये ताडून पाहायलाच हवा. पैशांचा मामला आहे, इथे ढिलाई नको. निर्णय झाला की ‘चॅट अपडेट’ने बटणं काढून त्या जागी नाव आणि वेळ लिहा, म्हणजे कुणी दुसऱ्यांदा दाबणार नाही. ‘नामंजूर’ दाबल्यावर नवा ट्रिगर आयडी मिळतो, त्यावर कारण विचारणारा छोटा फॉर्म उघडता येतो.

बॉट कधी बदललेला वागतो, कधी जुन्यासारखा, असं झालं तर कोड तपासण्याआधी तो किती ठिकाणी चालू आहे ते पाहा. सॉकेट मोडमध्ये एकाच ॲपची दोन कनेक्शन असली, एक सर्व्हरवर आणि एक कुणाच्या लॅपटॉपवर, तर स्लॅक प्रत्येक विनंती त्यातल्या कुठल्याही एकाला देतं. चाचणीसाठी वेगळं ॲप, वेगळी टोकनं आणि वेगळ्या नावाची कमांड ठेवा.