हिरव्या ठिपक्यातलं दूध

बिनअंड्याचा केक सांगली-मिरजेत कुणाला नवा नाही. जैन घरं, माळकरी घरं, श्रावण, गुरुवार, यामुळे माझ्या बेकरीत बहुतेक केक तसेच जातात. पण अंडं काढलं की आम्ही बेकरीवाले त्याजागी कंडेन्स्ड मिल्क, दही नाहीतर दुधाची पावडर घालतो. म्हणजे दूध उलट वाढतं. सिस्टरांची ऑर्डर आली तेव्हा अडचण इथेच होती.

सिस्टर म्हणजे मिरजेच्या मिशन हॉस्पिटलातून निवृत्त झालेल्या नर्स. त्यांची नात इंग्लंडात शिकते. ईस्टरला घरी येणार होती आणि ती व्हीगन, म्हणजे अंडं, दूध, तूप, मध सगळं सोडलेलं. तिला तिकडचा सिम्नेल केक हवा होता. बेदाण्यांचा भरगच्च केक, वर मार्झिपान, म्हणजे बदाम-साखरेच्या लगद्याचा थर, आणि त्यावर त्याचेच अकरा गोळे. येशूच्या बारा शिष्यांतला दगा देणारा यहूदा वगळायचा, म्हणून अकरा.

"अंड्याशिवाय ईस्टर कसला गं?" सिस्टर म्हणाल्या. "चर्चमध्ये पोरं रंगवलेली अंडी शोधत फिरतात." पण ऑर्डर त्यांनीच दिली आणि पैसेही आधीच ठेवले.

लोण्याच्या जागी घालायच्या मार्जरीनच्या डब्यावर हिरवा ठिपका होता. यादी वाचली तर त्यात मिल्क सॉलिड्स. घाऊकवाला म्हणाला, "ताई, ठिपका आहे की!" ठिपका शाकाहाराचा, त्यात दूध बसतं. व्हीगनचं वेगळं चिन्ह एफएसएसएआयच्या, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, २०२२च्या नियमांत आहे, पण आमच्या बाजारात ते शोधावं लागतं. तिथेच 'नॉन-डेअरी', म्हणजे बिनदुधाचं, असं छापलेलं व्हिप टॉपिंगही पाहिलं, केकवर लावायचं फेटलेलं क्रीम. बारीक अक्षरात सोडियम केसिनेट, म्हणजे दुधातलंच प्रथिन. विकणारा वाचत नाही, घेणारा वाचत नाही. मला याचा फार राग येतो.

नातीने फोनवर साखरेचंही विचारलं, कारण परदेशात काही ठिकाणी साखर हाडांच्या कोळशातून गाळतात. आपल्याकडच्या बहुतेक कारखान्यांत उसाचा रस चुना आणि गंधकाच्या धुरावर साफ होतो. हे मी, उसाच्या जिल्ह्यातल्या बाईने, तिला अभिमानाने सांगितलं.

मार्जरीन बाद, म्हणून तेल घेतलं. अंड्याच्या जागी जवस. आपल्याकडे जवसाची चटणी घरोघरी, पण त्याची पूड तिप्पट पाण्यात दहा मिनिटं ठेवली की अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार धरते. तासगावचे बेदाणे रात्रभर संत्र्याच्या रसात. नारळाच्या दुधात व्हिनेगर घातलं की ते ताकासारखं फुटतं, सोड्याला तेवढी आंबट साथ पुरते. पण सोडा पडला की घाई करावी लागते. वायू निघायला लागतो आणि तो धरून ठेवायला अंडं नसतं. पातेल्यात ढवळत बसलात की केक बसलाच. ओव्हन आधीच तापलेला हवा. मी दीडशे अंशांवर सावकाश भाजला.

अंड्याचा पिवळेपणा मार्झिपानला हवा होता, म्हणून चिमूटभर सांगलीची हळद. ती केकच्या घोळात टाकायची नाही. सोड्याशी गाठ पडली की लाल डाग उठतात. बदाम भिजवून, सोलून, वाळवून दळले. एरवी ते अंड्यात मळतात, मी एकतारी पाकात मळले. गोळ्यांना तांबूस रंग यावा म्हणून वरून गूळ घातलेलं नारळाचं दूध ब्रशने लावलं.

रविवारी उपासनेनंतर नात स्वतः सिस्टरांना घेऊन आली. केक संपला होता. पोरांसाठी अंडीही उकडली होती, सिस्टरांनी तेवढं सोडलं नाही. मला ते पटलं. नात म्हणाली, "काउंटरवर व्हीगनची पाटी लावा ना." मी नाही म्हणाले. त्याच मिक्सरमध्ये रोज लोणी फेटलं जातं. नुसती पाटी लावून कुणाचा विश्वास घ्यायचा नाही. आधी वेगळं भांडं, वेगळे ट्रे हवेत.

तेव्हापासून हे मनात घोळतंय, त्यात पुढच्याच आठवड्यात एक आई आली. लेकाला दुधाची अॅलर्जी. दुसरीकडे कुणीतरी तिला 'नॉन-डेअरी' क्रीमचा केक बिनधास्त सांगितला होता. मी डबा आणून यादीतल्या केसिनेटवर बोट ठेवलं. ती बराच वेळ ते वाचत उभी होती.

केसिनेट नसलेलं टॉपिंग मिळतं, पण घाऊकवाला अख्खं खोकं घ्यायला लावतो. दोन गिऱ्हाइकांवर हिशेब बसत नाही. तरी खोकं सांगितलंय. मिक्सरचं दुसरं भांडं या महिन्यात, ट्रे पुढच्या.