चादरीवरची बोटे

दुपारी औषधाचे थेंब घालायला गेले, तेव्हा पालथी पडलेली आई उजव्या हाताची बोटे चादरीवर भराभर चालवत होती. दृष्टिपटलाची शस्त्रक्रिया झाल्यापासून मान वर करायची नाही, असे डॉक्टरांनी तिला बजावले आहे. "काय चाललंय?" असे विचारल्यावर ती उशीतूनच म्हणाली, "अगं, भूप वाजवतेय. पंधरा दिवस झाले पेटीला हात लावून."

मला एकदम क्यूबाची बॅले नर्तिका आलिसिया आलोन्सो आठवली. ऐन विशीत तिचे दृष्टिपटल निसटले, एकापाठोपाठ शस्त्रक्रिया झाल्या आणि डोके जराही न हलवता कित्येक महिने पडून राहण्याची सक्ती झाली. पायांनी नाचण्याला मनाई होती, म्हणून तिचा नर्तक नवरा फर्नांदो उशाशी बसून 'जिझेल' या बॅलेमधला पदन्यास बोटांनी दाखवी आणि तीही आपल्या बोटांनी तो गिरवी. पुढे २ नोव्हेंबर १९४३ रोजी न्यूयॉर्कमध्ये प्रमुख नर्तिका मार्कोव्हा आजारी पडल्याने आयत्या वेळी 'जिझेल'ची भूमिका तिच्याकडे आली, तेव्हा ती नुसती नाचली नाही, ती भूमिकाच कायमची तिच्या नावावर झाली.

पुढे आलिसियाची नजर अधू होत गेली, तेव्हा दिशा कळावी म्हणून रंगमंचावर प्रखर रंगीत दिवे लावले जात आणि जोडीदार नेमक्या जागी येऊन उभा राहत असे. अशा आधारावर ती सत्तरी ओलांडेपर्यंत नाचली. मला मात्र त्या दिव्यांपेक्षा अंथरुणावरची ती बोटेच अधिक आठवतात.

संध्याकाळी पुन्हा आईच्या उशाशी बसले. बोटांची चाल आता संथ झाली होती.

"आता कोणता राग?"

"तूच ओळख की!"

तुम्हाला आले असते का ओळखता?